खारफुटीच्या सभेचा मांडव

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो आणि सभांना सत्तरी ओलांडेपर्यंत. तेव्हा मला जे काय कळतं ते सभांतून कळलेलं आहे. दिवाळी अंकाचे संपादकसाहेब म्हणाले, "नाथाशेट, धंद्यात कसे आलात, कसे वाढलात, ते क्रमाने लिहा." मी म्हणालो, क्रमाने मला काही आठवत नाही, आणि कसा वाढलो ते अख्ख्या पनवेलला ठाऊक आहे. लिहीन तर माझ्या मनाने लिहीन, नाहीतर त्या जागेवर उटण्याची जाहिरात छापा. मग ते म्हणाले, लिहा.

माझा धंदा मांडवाचा. मांडव, खुर्च्या, कनाती, लाऊडस्पीकर. लोकांना वाटतं मांडव म्हणजे चार बांबू नि वर कापड. त्यांना मी सांगतो, मग घाला की तुम्ही. सभा कशी होणार हे भाषणावर ठरत नाही, मांडवावर ठरतं. पुढाऱ्याला गर्दी दिसायला हवी असेल तर खुर्च्या कमी मांडायच्या. लोक उभे राहिले की सभा तुडुंब. कोणाला गर्दी नकोच असेल तर खुर्च्या भरपूर आणि लांब लांब मांडायच्या, मग गावचं गाव आलं तरी चार टाळकी आल्यासारखी वाटतात. आणि जिथे जमीन जायची आहे अशा सभेला रांगेतल्या खुर्च्या पायाशी सुतळीने एकमेकींना बांधून टाकायच्या. राग आला की माणूस हाताला लागेल ती खुर्ची उचलतो. एका खुर्चीबरोबर अख्खी रांग उचलायची वेळ आली, आणि त्या रांगेत आपलेच काका-मामा बसलेले असले, की राग जरा खाली बसतो. ही युक्ती माझी. पनवेल-उरण पट्ट्यात आज सगळे वापरतात, नाव कोणी घेत नाही.

गिऱ्हाइकं तर एकेक नग. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एकदा हमालांनी संप केला. सकाळी हमालांचे पुढारी माझ्याकडे मांडव सांगून गेले, दुपारी व्यापारी. दोघांना एकमेकांच्या समोर हवा, मध्ये फक्त रस्ता. जनरेटर माझ्याकडे एकच. मी तो रस्त्याच्या मधोमध उभा केला आणि दोन्हीकडे वायर सोडली. हमालांनी घोषणा दिल्या की व्यापाऱ्यांचा आवाज बारीक व्हायचा, व्यापारी तापले की हमालांचा. शेवटी दोन्हीकडचे पुढारी जनरेटरपाशी आले नि आपसात ठरवून टाकलं की एकाने बोलायचं तेव्हा दुसऱ्याने थांबायचं. एकमेकांचं ऐकायची सवय लागल्यावर संध्याकाळपर्यंत संप मिटला. श्रेय एका आमदाराने घेतलं. डिझेल माझं.

आता खारफुटीचं सांगतो.

तेव्हा विमानतळाच्या जमिनींची धामधूम चालू होती. रोज कुठे ना कुठे सभा, आणि सभा म्हणजे विरोध. आमची खाडीकाठची गावं विरोधाला इतकी सरावली होती की मांडवाचा टेम्पो नुसता वेशीतून आत आला तरी म्हातारी माणसं ओट्यावरून ओरडायची, "नाय जमनार!" अशा दिवसांत माझ्या गोडाऊनवर एक बाई आल्या. पस्तिशीच्या, पुण्याच्या, खांद्याला झोळी, पायांत गमबूट. नाव मेधा मॅडम. कुठल्याशा संस्थेत शास्त्रज्ञ होत्या.

"नाथाशेट, मांडव हवाय. पण स्टेज नको. आणि खुर्च्या गोल मांडायच्या."

"गोल? पत्ते खेळायचे आहेत का?"

"नाही हो. लोकांशी बोलायचंय. स्टेज असलं की आम्ही वर आणि लोक खाली. गोल बसलो की सगळे सारखे."

मी म्हणालो, "मॅडम, गोलात बसलं की निम्म्या माणसांची पाठ येणाऱ्याकडे होते. गावात पाठ दाखवून बसत नाहीत. चाळीस वर्षं मांडव घालतोय मी."

"आणि मी पंधरा वर्षं माणसांशी बोलतेय," त्या म्हणाल्या, "गोलच मांडायच्या."

हट्टी माणूस मला लांबून ओळखू येतो. मनात म्हणालो, मांडून देतो, मोडेल ते गाव.

काम काय होतं ते त्यांनी मला टेम्पोत सांगितलं, आणि मला समजलं तसं मी तुम्हाला सांगतो. कारखान्यांचा, ट्रकांचा, सगळ्या जगाचा धूर हवेत जाऊन बसलाय, त्यात कार्बन नावाचा वायू आहे, त्याने पृथ्वी तापते. आता नुसता धूर कमी करून भागत नाही, वर गेलेला थोडा खाली पण आणावा लागणार. तो खाली आणायच्या लोकांनी नाना तऱ्हा काढल्यात, कोणी यंत्रं काढलीत, कोणी दगडाची भुकटी शेतात टाकतो. त्यातली एक तऱ्हा म्हणजे खारफुटी. आम्ही तिला तिवरं म्हणतो. तिवर हवेतला कार्बन खातो आणि मुळांखालच्या चिखलात पुरून ठेवतो. त्या चिखलात हवा शिरत नाही, म्हणून पुरलेलं लवकर कुजत नाही नि वर येत नाही. तर खाडीकाठच्या एका मोठ्या पट्ट्यावर तिवरं लावायची. पण मॅडमचं म्हणणं असं की लावायच्या आधी गावाला विचारायचं, आणि गाव नको म्हणालं तर थांबायची तयारी ठेवायची.

मी विचारलं, "खरोखर थांबणार?"

त्या म्हणाल्या, "मी थांबेन. आमच्या साहेबांचं माहीत नाही."

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर मंडळी पुढच्या हळदीला दुसरा मांडववाला बघतील.

पहिली सभा देवळासमोर. मी खुर्च्या गोल मांडल्या, अगदी बांगडीसारख्या. गावकीचे पंच जोमादादा पाटील आले. सत्तरीचे, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांनी स्टेज शोधलं. दिसेना. मांडवाच्या मागे जाऊन बघून आले, तिथेही नव्हतं. मग त्यांनी एक खुर्ची उचलली, देवळाच्या पायरीशी नेऊन ठेवली नि तिच्यात बसले. त्यांच्या शेजारी दुसरे पंच, पुढे बाकीचे. चहा यायच्या आत बांगडीच्या सरळ रांगा झाल्या आणि मॅडम एकट्याच मधोमध उभ्या राहिल्या. मी अॅम्प्लीफायरपाशी बसून छताकडे बघत होतो.

मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. सोपं, छान. मग म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

जोमादादांनी घसा खाकरला.

"बाय, तुमचं काय ठरलंय त्ये सांगा आदी."

"अजून काही ठरलं नाही, दादा."

"मंग आमाला बोलवलं कशाला?"

"ठरवायच्या आधी विचारायला."

जोमादादा बाजूच्या पंचाकडे बघायला लागले. आयुष्यात असं कोणी म्हणालं नव्हतं. "अवो, पन ठरलंच नाय तर आमी विरोद कशाला करायचा?"

मागून एकाने तरीही घोषणा दिली, "विरोध! विरोध!" त्याला शेजारच्याने खाली बसवलं. मग जनार्दन उठला. हा न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेनवर कामाला, गावात शहाणा समजला जाणारा. त्याने विचारलं, "मॅडम, ही झाडं हवा खेचनार ना? मंग आमच्या वाटची हवा पन गेली तर?"

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे. झाडं कार्बन घेतात आणि तुम्हाला लागतो तो प्राणवायू सोडतात. तुमच्या वाटचं काही जात नाही." जनार्दन खाली बसला, पण 'चांगला प्रश्न' म्हटल्यामुळे तो पुढचा महिनाभर प्रत्येक सभेत प्रश्न विचारत हिंडत होता. पतपेढीच्या सभेतसुद्धा त्याने हवेचं विचारलं.

सभा उठली. मॅडमचा चेहरा पडलेला. "नाथाशेट, बाई एकही आली नाही."

मी म्हणालो, "सगळ्या आल्यात. कधीच्या."

"कुठे?"

मी कनातीकडे बोट दाखवलं. मांडवाच्या बाजूला उन्हासाठी मी कापडाची कनात लावली होती. तिच्या पलीकडे गावच्या बायका बसून होत्या. कोणी मासळी साफ करत होती, कोणी मूल पाजत होती. मांडवात थोरले दीर, सासरे बसलेले, त्यांच्यापुढे येऊन बसायचं कसं? पण सभा त्यांनी शब्द न् शब्द ऐकली होती. माझे स्पीकर कनातीपलीकडेही तितकेच ऐकू येतात.

"पुढच्या वेळी ही कनात काढा," मॅडम म्हणाल्या.

"कनात निघणार नाही. ऊन येतं. आणि कनातीशिवाय मांडव म्हणजे टपरी."

"मग मीच पलीकडे जाते." आणि गेल्या, गमबुटासकट खाली मांडी घालून बसल्या. मी वायर गुंडाळायच्या निमित्ताने जवळच राहिलो.

तिथे चांगुणाबाई होत्या. जोमादादांच्या धाकट्या भावाची बायको, नवरा जाऊन खूप वर्षं झालेली. त्यांचं पोट चिखलावर. भरती उतरली की खाडीचा चिखल उघडा पडतो. त्यात निवट्या असतात, बोटभर मासळी, पाण्याबाहेर येऊन चिखलावर टणाटण उड्या मारते. तिच्या बिळात कोपरापर्यंत हात घालून तिला धरायचं. गुडघा, मांडी, जिथे पाय जाईल तिथे चिखल. धरलेली निवटी पनवेलच्या बाजारात नेऊन विकायची. गावातल्या आणखी दहा-बारा बायका हेच करायच्या, पण चांगुणाबाई सगळ्यांच्या पुढे.

त्यांनी मॅडमना विचारलं, "बाय, तो तुमच्या कागदावरचा हिरवा पट्टा दाखव बरं."

मॅडमनी नकाशा उलगडला. चांगुणाबाईंनी बांध कुठे, खाडी कुठे विचारून घेतलं. मग ओल्या बोटाने हिरव्या पट्ट्यावर टेकलं.

"हा तर माझा चिखल गो."

तिवरं दाट झाली की मोकळा चिखल संपतो, मुळांच्या जाळ्यात ना पाय जात ना हात. आणि तिवर एकदा उभा राहिला की त्याला हात लावायचा नाही, कायदा आहे. म्हणजे एकदा लावलं की परत फिरणं नाही. चांगुणाबाई म्हणाल्या, "निवटी जाईल दुसरीकडं, तिला पंख असल्यावानी हाय. मी कुठं जाऊ?"

"हे तुम्ही सभेत बोला. पुढच्या सभेला आमचे मोठे साहेब येणार आहेत. तिथे ठरेल."

"थोरल्या दिरापुढं? मांडवात?" बायका खुदखुदल्या.

"मग मी सांगते तुमच्या वतीने."

"नको. तुझ्या तोंडानं सांगितलं तर त्ये तुझं होईल. मना माझं तोंड हाय."

एवढं बोलून त्या मासळीची टोपली घेऊन उठल्या. मॅडम मला म्हणाल्या, "नाथाशेट, आता काय करायचं?" मी म्हणालो, "मांडवाचं विचारा, सांगतो. बायकांचं माझ्या बायकोने मला कधी सांगितलं नाही."

दुसऱ्या सभेला मोठे साहेब मुंबईहून गाडीने आले. कडक इस्त्री, कडक घाई. पावसाच्या आत रोपं लावायची होती, परदेशातल्या भागीदारांना कळवायचं होतं. त्यांनी मला सरळ स्टेज घालायला सांगितलं आणि मी आनंदाने घातलं, हे कबूल करतो. मॅडम स्टेजवर बसायला तयार होईनात, त्या पहिल्या रांगेत खाली बसल्या.

साहेबांना गावाचं मर्म बरोबर कळलं होतं. गावाचा होड्या लावायचा धक्का खचलेला होता. त्यांनी दुसऱ्याच वाक्यात सांगितलं, "प्रकल्प आला तर धक्क्याच्या दुरुस्तीसाठी आम्ही नक्की प्रयत्न करू." जोमादादांची काठी तिथल्या तिथे दोनदा आपटली. त्यांच्या घरच्या दोन होड्या. पंच एकमेकांकडे बघून मान हलवायला लागले. विरोधाची सवय असलेलं गाव, पण होकार पहिल्यांदाच मागितला होता, आणि द्यायला किती सोपा असतो हे त्यांना नुकतंच कळत होतं.

साहेब म्हणाले, "तर मग हात वर करून संमती..."

तेवढ्यात बाहेरून गाणं आलं.

आमच्याकडच्या लग्नाची एक रीत बाहेरच्यांना सांगायला हवी. मांडवाचा पहिला खांब असतो त्याला मेढ म्हणतात. तिला उंबराची फांदी बांधून हळदकुंकू लावलं की मांडव पुजला गेला. मग तिथे मान धवलारणीचा. धवलारीण म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई. ती गाण्यातून देवाला बोलावते, नवरीला रडवते, वराच्या बापाला शालजोडीतले हाणते आणि कोणी तिला अडवायचं नाही. अडवलं तर लग्नाला विघ्न. सासरा असो, दीर असो, ऐकून घ्यायचं आणि मान डोलवायची. धवलारीण विधवा असली तरी मान तोच. आणि त्या गावच्या धवलारीण होत्या चांगुणाबाई.

त्या आल्या त्या हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर, हातात उंबराची फांदी. मागे बायकांची ओळ, एकीच्या हातात ताट. मांडवातून कोणाकडे न बघता त्या थेट माझ्या पुढच्या खांबापाशी गेल्या. फांदी बांधली, हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला आणि मेढीसमोर बसल्या. बायका मागे बसल्या. माझी कनात तिकडे रिकामी फडफडत होती.

जोमादादा उभे राहिले. "अगो, लगीन कोनाचं हाय?"

चांगुणाबाई दिराशी कशा बोलतील? त्या मेढीकडे तोंड करून म्हणाल्या, "मेढी गो, त्यांना सांग. लगीन झाडांचं हाय. चिखलाशी लावतात. पन नवरीला इचारलं का कोनी?"

आणि धवल्याचं गाणं धरलं.

*मांडवाच्या दारी गो, कोन उभा सायेब,*
*नवरी चिखलाची गो, आयका तिचा जबाब.*
*जोमादादा वरबाप, धक्क्यावरी नजर,*
*पाटावर बसला गो, नवरी नाय हजर.*

पंचांपैकी एकाला हसू आवरेना, त्याने टोपी तोंडावर धरली. जोमादादा लाल झाले, पण पुजलेल्या मांडवात काय बोलणार? बसले.

साहेबांनी माईकवरच विचारलं, "हे कार्यक्रमात होतं का?" ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.

धंद्याचा नियम असा की मांडववाल्याने माईकला हात लावायचा तो फक्त बिघडला तर. कोणी बोलावं नि कोणी नाही ते बोलावणाऱ्याने ठरवायचं. हा नियम मी कधी मोडला नव्हता. पण मी विचार केला, मांडव आता सभेचा राहिलेला नाही, लग्नाचा झालाय, आणि लग्नात माईक धवलारणीला द्यायचा असतो. मी स्टेजवर गेलो, साहेबांच्या पुढचा माईक काढला आणि नेऊन मेढीला बांधला. साहेब म्हणाले, "अहो, मी बोलतोय!" मी म्हणालो, "साहेब, मुहूर्त टळतो."

पुढे जे झालं तसं मी आजवर कुठल्या सभेत पाहिलं नाही. चांगुणाबाई मेढीशी बोलायला लागल्या. चिखलाचं सांगितलं, निवटीचं सांगितलं, तिवर उभा राहिला की पाय ठेवता येत नाही ते सांगितलं. बोलून झाल्यावर जोमादादा उठले, आणि त्यांनीही मेढीकडेच तोंड केलं.

"मेढीला सांगतो, धक्का माझ्या एकट्याचा नाय. सगल्या गावाचा हाय."

"मेढीला कलतंय. पन धक्क्यावर निवटी लागत नाय."

"मेढीला सांगतो, झाडं जगाच्या भल्याची हायत."

"मेढी म्हनते, लावा की. जगाचं भलं करायला माझाच चिखल सापडला? तिकडं फुटक्या बांधाच्या आत किती वर्सं खारं पानी भरलंय, भात पिकत नाय, तिथं तिवरं आपनहून उगवतात. तिथं कोन लावत नाय त्ये?"

जोमादादा खाली बसले. फुटक्या बांधाच्या आतली जमीन त्यांची आणि आणखी पाच-सहा घरांची. नापीक, पण नावावर. बंदर, रस्ते, विमानतळ असं सगळं येत असताना कोणी नापीक जमीनही उगाच अडकवून घेत नाही.

तेवढ्यात जनार्दन उठला. "मेढीला एक प्रश्न हाय..."

"बस खाली!" सगळे एकदम ओरडले.

मग मेधा मॅडम उठल्या. मेढीपाशी गेल्या, नमस्कार केला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मेढीला सांगते, फुटक्या बांधाच्या आत झाडं लावली तर जमीन मालकांचीच राहील का, हे मला आज माहीत नाही. ते कळल्याशिवाय मी कोणालाही हो म्हणायला सांगणार नाही. आणि हा चिखल नकाशातून काढला नाही तर या कामात मी राहणार नाही." शेवटचं वाक्य मेढीला उद्देशून होतं, पण साहेबांना लागलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं, गावाकडे बघितलं, उंबराच्या फांदीकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. प्रत्यक्ष जागा बघू."

साहेबांचा मान राखायचा म्हणून एवढं लिहितो, की जागा बघायला ते आले. मधल्या काळात मॅडमनी वकील गाठून जमिनीचं विचारून आणलं होतं. मालकी राहील, पण तिवर वाढला की तिथे दुसरं काही करता येणार नाही, हे त्यांनी गावकीला न लपवता सांगितलं. दोन घरांनी नाही म्हटलं, त्यांची जमीन सोडून दिली. जोमादादांनी किती तरी दिवस काहीच म्हटलं नाही. मग एके सकाळी ओहोटीच्या वेळी सगळे बांधावर जमलो तेव्हा ते तिथे आधीच उभे होते, धोतर गुडघ्याच्या वर खोचून.

फुटक्या बांधाच्या आत लावायचं ठरत आलं होतं, पण बांधाच्या बाहेरही साहेबांना थोडी पट्टी हवीच होती. कुठवर लावायचं आणि कुठून चिखल मोकळा सोडायचा, एवढाच प्रश्न उरला. साहेबांच्या लॅपटॉपवर सरळ रेघ होती. खूण करायला काठ्या हव्या होत्या. मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

"माझे बांबू चिखलात जाणार नाहीत," मी म्हणालो. "कामाचे बांबू आहेत. गणपती आहेत पुढे."

"नाथाशेट," चांगुणाबाई म्हणाल्या, "मुहूर्ताला माईक दिलास, आता बांबूला रडतोस?"

मी टेम्पोतून बांबू काढून दिले. चांगले चांगले वेगळे ठेवले होते, तेच नेमके त्यांनी उचलायला लावले.

चांगुणाबाई चिखलात उतरल्या आणि चालू लागल्या. जिथवर त्यांचा पाय सरावाने जायचा तिथून तिथून. त्यांच्या मागे काही अंतर ठेवून जोमादादा, खांद्यावर माझे बांबू. त्या थांबल्या की ते तिथे एक बांबू रोवायचे. एकदा त्या जरा जास्तच आत, बांधाकडे वळल्या. जोमादादांनी हातातल्या बांबूला सांगितलं, "बांबूला म्हनावं, लई आत शिरू नको. जरा जगाला पन ठेव."

चांगुणाबाईंनी मान न वळवता पुढच्या पावलाला सांगितलं, "बरं." आणि दोन पावलं बाहेर आल्या.

बांधावरून साहेब ओरडत होते, "सरळ! अहो, सरळ रेघेत घ्या!" मॅडमनी त्यांना सांगितलं, "सर, त्या जशा चालतील तशीच हद्द." साहेब चांगुणाबाईंना अडवायला चिखलात उतरले, एका पावलात मांडीपर्यंत गेले आणि त्यांचा बूट चिखलाने ठेवून घेतला. त्यांना बाहेर काढायला दोन बायका लागल्या. बाहेर आल्यावर त्यांनी ती हद्द मान्य केली. बूट मिळाला नाही.

माझे बांबूही परत मिळाले नाहीत. पहिल्या वर्षी निम्मी रोपं शेवाळाने नि लाटांनी मेली, मॅडमनी पुन्हा लावून घेतली. धक्का काही झाला नाही. साहेबांनी प्रयत्न नक्की केला असणार, कारण तसं ते म्हणाले होते. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्यानंतर खाडीकाठी खूप सभा झाल्या, माझ्याच मांडवात झाल्या, आणि सगळीकडे आधी ठरवलं, मग विचारलं. मी कनात लावत राहिलो. आता मुलाने धंदा हातात घेतलाय. तो लोखंडी सांगाड्यांचे, गार हवेचे मांडव घालतो. त्यांना मेढच नसते. असो.

मागच्या वर्षी मेधा मॅडम पनवेलला आल्या होत्या, केस पांढरे झालेत. मला घेऊन त्या गावात गेल्या. चांगुणाबाई ओट्यावर बसून जाळं दुरुस्त करत होत्या. मॅडमनी फोनवर आकाशातून काढलेला फोटो दाखवला. फुटक्या बांधाच्या आत गर्द हिरवं, बांधाबाहेर एक हिरवी पट्टी, आणि तिची खाडीकडची कड अशी वेडीवाकडी, आत-बाहेर, उंदराने भाकरी कुरतडल्यासारखी.

"मावशी, परदेशातले लोक विचारतात ही कड अशी का," मॅडम म्हणाल्या. "ही तुमची चाल आहे."

चांगुणाबाईंनी फोन लांब धरला, जवळ धरला, हिरव्यावरून बोट फिरवलं, मग मोकळ्या भागावर आणलं आणि तिथेच ठेवलं.

"आन यात मी कुठं हाय?"

"तुम्ही नाही दिसत, मावशी. फार वरून काढलाय."

"वरून काढला म्हनून नाय," त्या म्हणाल्या. "ह्यात पानी भरलंय, बग. भरतीला मी घरात असते. ओहोटीला काढायला सांग त्यांना. मी तिथंच हाय."